फोन जमिनीवर ठेवा

४ जुलै

प्रिय ताई,

तुझ्या शिक्षण खात्याचं पाकीट पोचलं. फोनच करणार होतो, पण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं आणि मग भाऊजींना मध्ये पडावं लागतं. म्हणून लिहितोय. लिहिताना तुला मला मध्येच तोडता येत नाही, हा फायदा वेगळा.

शाळेचं तुला आमच्याही आधी कळलं असेल. जिन्याच्या भिंतीला गेलेली भेग वरच्या मजल्यापर्यंत पोचली. इंजिनिअर आले, भिंतीवर टकटक केलं, दारावर लाल कागद चिकटवला आणि गेले. दुरुस्ती होईपर्यंत शाळा मोबाईलवर. सगळ्या विषयांचे पाठ घरबसल्या शिकता येतील असे नव्याने बांधायचे, आणि ते बांधकाम तुझ्या देखरेखीखाली. शिक्षकांची बैठक आता मुख्याध्यापिकांच्या घरच्या व्हरांड्यात भरते. तिथे मी छाती काढून सांगितलं, की या कामावरची बाई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. मग सगळ्यांसमोर पाकीट उघडलं.

‘विषय: शारीरिक शिक्षण. घटक: लांब उडी. उद्दिष्ट, कृती, पुरावा.’ त्याखाली नमुना. एक छोटा व्हिडिओ, आणि व्हिडिओ बघून झाल्यावर पाच प्रश्न. पहिला प्रश्न: उडी घेताना शरीराचा भार कोणत्या पायावर असतो? अचूक पर्याय निवडा, पर्याय चार. ताई, माणसाला पाय दोनच असतात. उरलेले दोन पर्याय मी कुठून आणू?

व्हरांडाभर हशा झाला. मीही हसलो, पण घरी येताना मन जड झालं. मुलं मला शिट्टीसर म्हणतात, तुला ठाऊक आहे. मैदानात शिट्टी वाजवली की चारही कोपऱ्यांतून मुलं धावत येतात. काल सराव म्हणून घरात वाजवून बघितली, तर ही आतून आली, आणि चेहऱ्यावरून ते काही व्यायामासाठी वाटलं नाही.

माझा विषय कागदावर मावत नाही. तुला काय लिहून पाठवू, सांग.

तुझा,
बाळ

१० जुलै

प्रिय बाळ,

पन्नाशीला टेकलास तरी तक्रारीचा सूर तोच आहे, जेवायला बोलावल्यावर खेळ अर्धवट सोडून यायचास तेव्हाचा.

चार पर्यायांचा तो नमुना आमच्या खोलीतल्या एका तरुण सहकाऱ्याने केला. शाळेत असताना तो खेळाच्या तासाला झाडाखाली बसून गणितं सोडवायचा. मला हे माहीत आहे, कारण मी शाळेत शिकवत होते तेव्हा तो माझ्याच वर्गात होता आणि ती गणितं मीच दिलेली असायची. तेव्हा त्याला बोल लावू नकोस.

इथली अवस्था ऐक. एका लहान खोलीला आतून गाद्या ठोकल्यात, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. तिथे एकेक शिक्षक येऊन आपला पाठ बोलतो. विज्ञानाच्या बाई गादीकडे बघून म्हणाल्या, ‘मुलांनो, आता इकडे बघा’, आणि थांबल्या. बघायला कोणी नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी मला कळलं, की वर्गातला तास जसाच्या तसा उचलून मोबाईलमध्ये कोंबला की तासही मरतो आणि मोबाईलही तापतो. तो पहिल्यापासून नवा बांधावा लागतो.

म्हणून मी सगळ्यांना एकच विचारते. तुझ्या तासाला मूल नेमकं काय शिकतं? तास संपल्यावर, तू समोरून गेल्यावर त्याच्यापाशी उरतं, ते काय? शिस्त, खिलाडूवृत्ती, निरोगी शरीर हे शब्द वापरायचे नाहीत. ते सगळ्यांनी लिहिलेत, हस्तकलेच्या मास्तरांनीसुद्धा.

तुझा मसुदा मला लवकर हवा. महिना संपायच्या आत. का, ते विचारू नकोस.

ताई

२९ जुलै

प्रिय ताई,

महिना संपायच्या आत हवा, का ते विचारू नकोस. बरं. तू घरी बोलतेस आणि खात्यात बोलतेस यात काही फरक उरला आहे की नाही, हे भाऊजींना विचारायला हवं.

मसुदा तयार नाही. वर्ग मात्र सुरू केला, आठवीचा, आणि नाकी नऊ आले. मी नियम केला, की कॅमेरा चालू हवा. मूल दिसल्याशिवाय कवायत कशी घेणार? पहिल्याच दिवशी सगळी घरं माझ्यासमोर उघडी पडली. एकाचे वडील रात्रपाळी करून खाटेवर झोपलेले. तो बिचारा खाटेच्या पायथ्याशी उभा राहून हात वर करतो आणि हात दिव्याला लागतात. एकीने उडी मारली की खालच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकते. एका मुलाने वळताना कपाटाला धडक दिली. दार उघडलं आणि आतला सगळा पसारा बाहेर आला, जुनी चादर, औषधांच्या बाटल्या, कोणाची तरी कुबडी. वर्ग खो खो हसला. तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी आणखी चौघं नाहीत.

मी आवाज चढवला, कॅमेरा बंद म्हणजे गैरहजर. त्यानंतर वर्गात मी आणि दोन मुलं उरलो.

तुझ्या प्रश्नाचा विचार केला. आधी राग आला, मग झोपताना, दात घासताना तोच प्रश्न. उत्तर असं आहे. माझ्या तासाला मूल पडायला शिकतं. पडून पुन्हा उठायला शिकतं असं भाषणात म्हणतात, ते नव्हे. नुसतं पडायला. पाचवीत आलेलं मूल पडताना हात ताठ पुढे करतं आणि मनगट मोडून घेतं. आठवीतलं गुडघे वाकवतं, खांदा आत घेतं आणि लोळत बाजूला जातं. कसं केलंस म्हणून विचारलं तर त्याला सांगता येणार नाही. ते प्रश्नपत्रिकेत येत नाही, पण जिन्यावरून पाय घसरला की येतं.

यावर चार पर्याय काढून दाखव.

बाळ

३ ऑगस्ट

प्रिय बाळ,

पडण्याचं वाचलं. पुन्हा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या त्या गणितं सोडवणाऱ्याला वाचून दाखवलं. तो स्वतःचं मनगट चोळत बसला. लहानपणी मोडलं होतं म्हणे.

आता माझं ऐक. कॅमेरा बंद कर. आधी चरफडून घे, मग पुढे वाच.

शाळेत मुलं एका रंगाचे कपडे घालून येतात, म्हणून कोणाचं घर कसं आहे ते आपल्याला दिसत नाही. तू एका फटक्यात सगळ्यांची घरं मांडून ठेवलीस. कपाटवाला आळसाने येत नाही असं नाही. त्याला त्या कपाटाची लाज वाटते.

मला वाटायचं, वर्गात मी मुलांचे चेहरे बघून शिकवते. अलीकडे आठवून बघितलं तर तसं नव्हतं. मी फळ्याकडे तोंड करून असायचे आणि पाठीमागे पेन्सिलींचा आवाज ऐकायचे. आवाज थांबला की कळायचं, इथे अडलं. तूही बघत नसशील, ऐकत असशील. मैदानात तुझी पाठ असली तरी कोण मागे पडलं ते तुला कळतं, हे मी स्वतः बघितलंय.

मुलांना सांग, फोन जमिनीवर ठेवा, तोंड वर करून. तुला छत दिसेल. छताची कोणाला लाज वाटत नाही. आणि तू पाय ऐक. खालच्या मजल्यावरच्या बाईसाठी गोधडीची चौपदरी घडी पायाखाली घालायला सांग.

मसुदा कुठे आहे? मी तुझ्यामागे उगाच लागत नाही, बाळ. एवढं समजून घे.

ताई

२४ ऑगस्ट

प्रिय ताई,

मसुदा सोबत आहे. हुश्श म्हण.

तुझं ऐकलं. आता माझा वर्ग म्हणजे नुसती छतं. पंख्यांची, पोपडे आलेली, एका ठिकाणी कोळ्याचं जाळं, त्याच्यावर माझंही लक्ष असतं. आधी सगळ्यांचे पाय एकदम ऐकायचा प्रयत्न केला. फोन त्या सगळ्याचा असा काला करतो, जणू पत्र्यावर कोणी खडे ओतावेत. मग पद्धत बदलली. तासाला मी मोजतो, सगळी करतात, आवाज फक्त माझा. तास संपला की रोज काही मुलांना एकेकटं थांबवतो आणि एका वेळी एकाचेच पाय ऐकतो. टाच आधी पडते की चवडा, उडीनंतर गुडघे वाकले की नाही, सगळं कळतं. खरंच कळतं, ताई. कोण बसूनच हाताने जमीन थोपटतोय तेही कळतं.

मुलं परत आली. कपाटवालाही आला.

आता जे लिहितोय ते ताईला लिहितोय, खात्याला नाही.

आठवीत एक मुलगी आहे. मुलं तिला चिठ्ठी म्हणतात, कारण माझ्या तासाला ती आईची चिठ्ठी घेऊन यायची. आज पोट, उद्या डोकं. मी चिठ्ठी खिशात घालायचो आणि तिला बाकावर बसवायचो. ती आता रोज येते. गेल्या आठवड्यात तासानंतर तिला एकटीला थांबवलं. मी मोजत होतो, एक दोन, एक दोन. तिचे पाय मात्र वेगळेच. एक पडला, मग जरा थांबून दुसरा, जोरात.

“फोन हलतोय का गं?”

“नाही सर.”

“पुन्हा कर बरं.”

पुन्हा तेच. मी विचारलं, “पाय दुखतोय का?”

छताचा पंखा तेवढा फिरत होता.

“सर, तुम्हाला मी दिसतेय?”

“नाही. पंखा दिसतोय.”

“मग कसं कळलं?”

“ऐकू आलं.”

“दुखत नाही,” ती म्हणाली. “उजवा आखूड आहे. लहानपणी मोडला होता. चालताना कळत नाही, आईने बुटात जाड तळवा घातलाय. धावले की कळतं.”

“म्हणून चिठ्ठ्या आणायचीस?”

“हो.” मग म्हणाली, “मला चिठ्ठी म्हणतात ते चालतं, सर.”

काय चाललं नसतं, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग तिने विचारलं, “बाकीच्यांना ऐकू येतं का?” मी म्हटलं, “आत्ता आपण दोघंच आहोत.” तर म्हणाली, “मग अजून एकदा करू?” एकदा नाही, तिने चांगलं दम लागेपर्यंत केलं. शेवटी मीच थांबवली.

तिला वेगळा व्यायाम दिला असता तर तिचं वेगळेपण उठून दिसलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाची मोजणी बदलली. एक, दोन, आणि तिनाला थांबा. घरातल्या अपुऱ्या जागेत हेच बरं पडतं असं सांगितलं, आणि ते खोटंही नाही. झाडूचा दांडा थांबला. चिठ्ठीचा पायही आता ठेक्यात पडतो.

कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहिलं. ही दवाखान्यात काम करते, हिला असलं सगळं कळतं, पण हिलाही मुलीचं नाव सांगितलेलं नाही.

बाळ

३ सप्टेंबर

प्रिय बाळ,

मसुदा चांगला झालाय. खात्याच्या भाषेत बसवून परत पाठवतेय. थोडाफार हात फिरवलाय. शेवटच्या पानावर सही करून लगेच पाठव. सगळं वाचत बसू नकोस, ही भाषा वाचून तुझं डोकं उठेल.

माझी पाठ धरलीये. बाकी ठीक.

ताई

७ सप्टेंबर

ताई,

वाचलं.

पान चार. ‘खेळाचे तास सातत्याने टाळणाऱ्या, पायात व्यंग असलेल्या इयत्ता आठवीतील एका विद्यार्थिनीने या पद्धतीमुळे प्रथमच पूर्ण सहभाग घेतला.’

नाव दिलेलं नाही, असं म्हणशील. आठवीत कायम चिठ्ठी आणणारी मुलगी एकच आहे, हे शाळेत शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. हा कागद छापून पुन्हा आमच्याच शाळेत येणार. शिक्षक वाचतील, पालकांच्या बैठकीत कौतुकाने वाचून दाखवतील. तिने जे इतकी वर्षं पोटात ठेवलं, ते मी तुझ्यापाशी बोललो, आणि तू ते टेबलावर मांडलंस. वर मला म्हणतेस, वाचत बसू नकोस.

मी सही करत नाही. ते वाक्य काढ.

ही म्हणते रागात लिहिलेलं पत्र लगेच टाकू नये. मी टाकतोय.

बाळ

९ सप्टेंबर

प्रिय बाळ,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि वाचून घडी करून पर्समध्ये ठेवलं. दिवसभर काम केलं. घरी येऊन भाऊजींना दाखवलं. ते म्हणाले, आता तरी त्याला खरं सांग.

खरं असं आहे. ज्या शाळांच्या इमारती धोक्याच्या ठरतील त्यांच्यासाठी मे महिन्यात समिती बसली तेव्हाच ठरलं होतं, की घरून शिकायच्या वर्षात चार विषय वगळायचे. शारीरिक शिक्षण, संगीत, चित्रकला, हस्तकला. जो वेळ उरेल तो गणित, विज्ञान आणि भाषेला. मी त्या बैठकीत होते. मी विरोध केला नाही. मला गणिताला जास्त तास हवे होते आणि ते मिळत होते, म्हणून मी मूग गिळून बसले. तुमची शाळा बंद झाली ती त्यानंतर. तोवर ते सगळं कागदावरचं होतं. मग एक दिवस बंद शाळांच्या यादीत तुझ्या शाळेचं नाव आलं, आणि विषय गेला की त्या शिक्षकांना कार्यालयात कारकुनीला बसवायचं, असा शेरा पुढे दिसला.

अध्यक्षांना मी कशीबशी गळ घातली, की निदान या चार विषयांचे मसुदे बघून मग निर्णय घ्या. म्हणून तुझ्यामागे लागले होते. सांगितलं का नाही? तू हातपाय गाळशील असं वाटलं. आणि त्या बैठकीत मी होते, हेही सांगावं लागलं असतं.

आता पान चारचं. अध्यक्षांना तोंडी सगळं सांगून बघितलं. पडण्याचं सांगितलं, छतांचं सांगितलं. ते मोबाईल चाळत होते. त्या मुलीचं सांगितलं तेव्हा मान वर करून म्हणाले, ‘हे लिहा, हा खरा पुरावा.’ म्हणून लिहिलं. तू मला ताई म्हणून सांगितलं होतंस हे लिहिताना मला माहीत होतं. विसरले होते असं म्हणणार नाही.

तू म्हणशील तर काढते. पण काढलं तर विषय बहुतेक जाईल. तू टेबलाशी बसून जावक क्रमांक घालशील. ते माझ्याच्याने बघवणार नाही, एवढंच कारण होतं. पुरेसं नव्हतं, हे आता कळतंय.

बैठक महिनाअखेरीला आहे. काय ते कळव.

ताई

१३ सप्टेंबर

प्रिय ताई,

तू माझ्यासाठी केलंस, हे कळलं. कळायला जरा वेळ लागला, पण कळलं. लहानपणीही माझी भांडणं तूच भांडायचीस आणि मला न विचारता भांडायचीस.

हिला सगळं वाचून दाखवलं. ही म्हणाली, कारकून झालास तर महिन्याभरात टेबल मोडशील. मग आत गेली, चहा टाकला, आणि तिथूनच म्हणाली, काढायला सांग.

माझ्या मनात एकदा आलं होतं, की मुलीलाच विचारावं. तासानंतर तिला थांबवलंही. तिने विचारलं, “काय सर?” आणि मी म्हटलं, “काही नाही, टाच आधी टेकवू नकोस.” विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, ताई. सर विचारतायत म्हटल्यावर मुलं हो म्हणतात. त्या होकाराला काय अर्थ? म्हणून विचारलं नाही.

ते वाक्य काढ. त्या जागी पडण्याचं घाल. सहीचा कागद सोबत आहे. त्यावर पान चारवरचं वाक्य काढल्याचं मी माझ्या हाताने लिहिलंय. विषय गेला तर गेला असं म्हणण्याइतका मी शूर नाही. पण काढ.

पाठीला काय झालं? दिवसभर खुर्चीत बसून दुसरं काय होणार. ऊठ-बस तरी करत जा.

बाळ

४ ऑक्टोबर

प्रिय बाळ,

आधी निकाल, कारण तू पत्राचा शेवट आधी वाचतोस. विषय राहिला. आठवड्यातून दोनदा, गुणांशिवाय. तुझी अर्धी नोकरी तुझ्या शाळेत आणि अर्धी तशाच बंद पडलेल्या दुसऱ्या एका शाळेच्या मुलांसाठी. म्हणजे छतं दुप्पट. कारकुनी टळली.

आता कसं झालं ते. बैठकीच्या आदल्या दिवशी तुझ्या तासाला मी आले होते. तू म्हणालास, ‘हे नवीन छत कोणाचं? ओल आलीये, भिंतीपासून लांब उभे राहा.’ ती आमच्या ऑफिसची ओल. दार लावून, बूट काढून, खुर्चीवरची उशी खाली टाकून मी तुझ्या मोजणीने सगळं केलं. तू पडायला सांगितलंस तेव्हा पडलेही. नेमका तेव्हा शिपाई आत आला. म्हणाला, “बाई, पडलात?” मी म्हटलं, “हो, मुद्दाम.” त्याने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि ऑफिसभर सांगितलं.

बैठकीत अध्यक्षांनी पान चार उलटून बघितलं. “ते मुलीचं कुठे गेलं?” मी म्हटलं, “काढलं.” म्हणाले, “तोच तर तुमचा पुरावा होता.” मी म्हटलं, “तो त्या मुलीचा होता. माझा नव्हता, आणि माझ्या भावाचाही नव्हता.” भाऊ म्हटलं ते ठरवून म्हटलं नव्हतं, तोंडातून गेलं. आता सगळ्यांना कळलंय. कळू दे.

मग मी हजेरी पुढे केली. माझा गणिताचा पाठ, ज्याच्यावर सगळी समिती खूश होती, त्याला तुमच्या आठवीतली निम्मीच मुलं टिकतात. तुझ्या तासाला जवळजवळ सगळी असतात. ते आकडे स्वतःच्या हाताने मांडताना मला काय वाटलं ते विचारू नकोस. अध्यक्ष म्हणाले, “ठीक आहे, पण तास कुठून देणार?” मी म्हटलं, “गणितातून.” शेजारचा तो गणितं सोडवणारा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याच्या ताटातलं उचललं. मग तोच म्हणाला, “द्या बाई. मी मनगटाचं लिहून देतो हवं तर.”

चित्रकला राहिली. हस्तकला आणि संगीत गेलं. संगीताचे मास्तर काल सही करायला आले होते. नीट बोलले, आभारही मानले, कशाचे ते कळलं नाही. त्यांच्या मसुद्यात एक ओळ फार चांगली होती, की घरात सगळे झोपलेले असताना गुणगुणता येईल अशा आवाजात गायला शिकवू. मी ती बैठकीत वाचायला हवी होती. वाचली नाही. त्यांची बहीण समितीत नव्हती, बाळ. हे मला खुपतं आणि खुपत राहणार. पुढच्या बैठकीला त्यांचा कागद मी पुन्हा घेऊन जाणार आहे, त्यातून काही निघो न निघो.

तुझ्यापाशी चुकले. फोनवर म्हणता आलं नसतं, म्हणून इथे लिहिलं.

ताई

२१ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं मागचं पत्र आल्यावर आपण फोनवर बोललो आणि चौथ्या वाक्यापर्यंत वाजलं नाही, म्हणून पत्राची गरज पडली नाही. आजचं मात्र फोनवर सांगण्यासारखं नाही.

इमारतीला टेकू लागलेत. वर्ग अजून बंद आहेत, पण मैदान वापरायला परवानगी मिळाली. या आठवड्यात आठवीला बोलावलं. ज्यांना यायचं नाही त्यांनी घरूनच, फोन जमिनीवर ठेवून केलं तरी चालेल, हे मुद्दाम दोनदा सांगितलं. कोणासाठी सांगत होतो ते तुला कळलंच असेल.

ती आली. हातात चिठ्ठी नव्हती. फाटकाशी उभी राहून बराच वेळ बुटांकडे बघत होती.

मी चौघाचौघांच्या गटाची शर्यत ठेवली, मैदानाला वळसा घालून यायचं आणि पुढच्याच्या हातात दांडी द्यायची. तिला बाजूला काढलं नाही. बाजूला काढणं वाईट की न काढणं, हे ठरवता येत नव्हतं. ती धावली. ताई, मी नुसतं ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. धावताना तिचा एक खांदा खाली जातो. सगळ्यांना दिसलं.

ती परत आली आणि खाली बसून नाडी बांधायला लागली. तिच्या गटात एक बडबड्या आहे, तोंडाला झाकण नसलेला. तो म्हणाला, “ए चिठ्ठी, तू धावताना अशी काय करतेस?”

मी शिट्टी तोंडात धरली. वाजवून सगळ्यांना दुसरीकडे पळवायचं, एवढंच सुचलं. पण त्याच्या आधी ती बोलली.

“उजवा पाय आखूड आहे.”

नाडी बांधता बांधता, मान वर न करता. ज्या वाक्यापायी मी तुझ्याशी भांडलो आणि तू अध्यक्षांशी, ते तिने असं म्हणून टाकलं.

“किती?” बडबड्याने विचारलं.

तिने बोट दाखवलं. “एवढा.”

तो मैदानाकडे बघत विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, “मग आपण उलट्या बाजूने वळसा घालू या ना. वळणावर आखूड पाय आत येईल. तू पडशील तरी आतल्या बाजूला.”

“उलटं चालतं का?” दुसरीने विचारलं. “नियमात बसेल?”

“सरांना विचार.”

“सरांना काय विचारायचं, सगळेच उलटं धावले तर झालं.”

यावरून त्यांची जुंपली. एका गटाचं म्हणणं, आम्ही आत्ता जिंकत होतो, आता उलटं नाही. चिठ्ठी सगळ्यांत मोठ्याने भांडत होती. तिचा आवाज इतका मोठा आहे, हे मला एवढ्या महिन्यांत फोनवर कळलं नव्हतं. मी मध्ये पडलो नाही.

शेवटी ठरलं असावं. सगळे उठले, कपडे झटकले आणि रेषेवर जाऊन आधीच्या उलट दिशेला तोंड करून उभे राहिले. ती तिसरी उभी होती, दांडी घ्यायला हात मागे करून. मग कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, “सर, वाजवा की.”

तुझा,
बाळ